दूताला काय हवं असतं

दूत पहाटे गेला.

तसा तो आयुष्यभर पाणीखात्यात मीटर तपासणारा होता. लोकांच्या घरी जायचं, आकडा सांगायचा, लोकांचे चेहरे उतरले की निघायचं. पण या नोकरीवरून त्याला कुणी ओळखत नसे. नाट्यसंस्थेच्या जुन्या शोकांतिकेत तो तरुणपणापासून दूताचं काम करत आला होता, आणि ते नाव त्याला असं चिकटलं होतं की ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनीसुद्धा विचारलं, "काय दूत, घाबरलात की काय?" ऑपरेशन लहानसं होतं. ते व्यवस्थित पार पडलं. मग पहाटे, नर्स शेजारच्या पेशंटचं सलाइन बदलत असताना, तो गेला. नाटकातही त्याचं जाणं कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे तेव्हा राणीकडे बघत असत.

त्याची मुलगी कॉलेजात नाटक शिकवायची. शोकांतिका हा तिचा विषय. स्वभाव, हेतू, आशय असे तीन खण तिनं विद्यार्थ्यांसाठी पाडून ठेवले होते आणि वर्षानुवर्षं पोरं त्या खणांत राजेराण्या नीट घड्या घालून ठेवत आली होती. राजाच्या नाशाला त्याचा स्वभाव कारणीभूत की परिस्थिती, असा प्रश्न दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी सगळा वर्ग निम्मा दोष स्वभावाला आणि निम्मा परिस्थितीला देऊन मोकळा व्हायचा. दूताला मात्र कुठलाच खण नव्हता. ती वर्गात सांगायची, "दूताला स्वभाव नसतो, हेतू नसतो. तो येतो, सांगतो, जातो. त्याला स्वतःला काही हवं असतं, तर आपला त्याच्यावर विश्वासच बसला नसता." बाबांना तिनं हे एकदा सांगितलं होतं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर आहे. मीटरवाल्यालाही नसतो."

त्या दिवशी सकाळपासून तिनं सगळं एकटीनं केलं. सह्या केल्या, बाबांचं घड्याळ आणि चष्मा ताब्यात घेतला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यांच्या वाटची बिस्किटं देऊन टाकली. धाकटा भाऊ दूरदेशी होता. तो विमानानं उद्या सकाळी पोचणार होता आणि अंत्यविधी दुपारी करायचं ठरलं. सगळ्यांना तिनं फोनवर टाइप करून कळवलं. वाक्य एकदा लिहिलं, मग तेच पुढे पाठवत गेली. हॉस्पिटलात सांगायची वेळच आली नाही, कारण तिथल्या लोकांनीच ते तिला सांगितलं होतं. थोडक्यात, ते वाक्य तिनं अजून तोंडानं उच्चारलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं होतं, आणि ध्यानात आलेलं तिनं बाजूला सारलं होतं.

आता एकच माणूस उरलं होतं. आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलेलं. त्याच शोकांतिकेत ती राणी करायची, गुडघ्यांनी असहकार पुकारला तोवर. नाटक असं होतं: शहराला वेढा पडलाय, राजा वेशीचे दरवाजे बंद करायचा हुकूम देतो आणि आपलाच मुलगा बाहेर राहिलाय हे कळल्यावरही तो हुकूम मागे घेत नाही. शेवटच्या अंकात दूत धावत येतो आणि राणीला सांगतो की मुलगा दरवाज्यापाशी मेला. राणी ऐकून घेते, एक शब्द न बोलता वळते आणि आत निघून जाते. बस. भाऊ सांगायचा, बहीण आत जायची. प्रेक्षक रडायचे. मग दोघं एका रिक्षानं घरी यायची आणि वाटेत कुठल्या वाक्याला कोण खोकलं यावर भांडायची.

आता आत्या संस्थेच्या तालमीच्या हॉलमागच्या खोलीत राहायची. डोकं अगदी लख्ख होतं. फोन तिनं काढून टाकला होता, कारण फोनवर माणसं नीट उभी राहून बोलत नाहीत. आणि रोज सकाळी पेपर आला की ती आधी निधनवार्ता वाचायची, हजेरी घेतल्यासारखी. संस्थेच्या व्यवस्थापकांनी उत्साहाच्या भरात सकाळीच उद्याच्या पेपरात फोटोसकट जाहिरात देऊन टाकली होती. म्हणजे आत्याला आज सांगायला हवं होतं. नाहीतर ज्या भावाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं, तो गेल्याचं ती चहा पिता पिता, दंतमंजनाच्या जाहिरातीशेजारी वाचणार होती.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका ताई," व्यवस्थापक म्हणाले. "मी सांगतो बाईंना. हळुवारपणे सांगतो."

व्यवस्थापकांना संस्थेत सगळे भोंगा म्हणत, तोंडावर भोंगासाहेब. पण त्यांनी आपणहून जबाबदारी घेतली होती, आणि तिला तर हायसंच वाटलं. ती बाबांच्या घरी गेली. हॉस्पिटलवाल्यांनी संध्याकाळच्या आत कपडे आणून द्यायला सांगितलं होतं. तिनं कपाट उघडलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

तासाभरानं दार वाजलं. भोंगासाहेब होते.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

भोंगासाहेब खुर्चीत बसले, कपाळाचा घाम पुसला.

"नापास," ते म्हणाले.

तिला आधी काही कळेना. मग कळलं, आणि तिनं कपाळाला हात लावला.

त्याचं असं होतं. संस्थेत दूताच्या कामासाठी जो कुणी येईल त्याची परीक्षा आत्या घ्यायची. नाटकातले संवाद म्हणून दाखवायची सोय नव्हती. ती म्हणायची, "पाठांतर मला नको. एक वाईट बातमी आणून सांग. स्वतःच्या मनाची. आणि माझ्या माणसाची सांग, परक्याचं मरण कुणीही सांगेल." उमेदवारानं दारातून आत यायचं, बातमी सांगायची. आत्या विचारणार, "खरं आहे का हे?" उमेदवारानं खरं आहे म्हणून छातीला हात लावून सांगायचं, जराही न डगमगता. मग निकाल. बाबा स्वतः याच मार्गानं गेले होते; सख्खा भाऊ म्हणून सवलत नव्हती. त्यांनी तिची लाडकी मांजर गाडीखाली आल्याचं असं काही सांगितलं की आत्या ढसाढसा रडली. मग मांजर खिडकीतून आत आली आणि बाबांना काम मिळालं.

बाबा ऑपरेशनला गेले तेव्हा रविवारच्या प्रयोगासाठी बदली दूत हवा होता. "इच्छुकांना माझ्याकडे पाठवा," असं आत्यानंच फर्मान काढलं होतं. आठवडाभर माणसं येत होती. बँकेतल्या एका कारकुनानं तर येऊन सरळ सांगून टाकलं होतं की बाई, तुमचे भाऊ हॉस्पिटलात वारले. आत्यानं त्याला उभ्या उभ्या नापास केलं. "सगळ्यांना पहिलं तेच सुचतं," ती म्हणाली. "तो आजारी आहे म्हणून तोच मरणार. डोकं चालवायला नको." मुलीनं हे हॉस्पिटलात बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की नर्सनं येऊन दटावलं.

"अहो, पण तुम्ही सांगायचं ना, की ही परीक्षा नाही म्हणून!" ती म्हणाली.

"सांगितलं की! त्या म्हणाल्या, ही युक्ती जुनी झाली."

"शपथ घ्यायची."

"घेतली. म्हणाल्या, शपथ घ्यायची पाळी आली म्हणजे सांगण्यात दम नव्हता." भोंगासाहेबांनी खिशातून हॉस्पिटलचा कागद काढला. "हा दाखवला. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, कॉपी चालणार नाही."

मग भोंगासाहेब जरा घुटमळले.

"ताई, खरं सांगा. माझा आवाज फार मोठा लागतो का हो?"

तिनं त्यांच्या हातातला कागद घेऊन घडी घालून ठेवला.

"नाही, त्या म्हणाल्या की बातमी खोलीत मावत नव्हती. म्हणजे काय म्हणायचं असेल त्यांना?"

इतक्यात राजे आले. राजे म्हणजे नाटकातला राजा. एरवी दातांचे डॉक्टर. माणूस भला, दाढी दोन्हीकडे उपयोगी पडणारी. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनी हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले.

"मी जातो," ते म्हणाले. "अहो, माझा धंदाच आहे तो. दात वाचणार नाही हे मी रोज सांगतो. खुर्चीजवळ बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा, सावकाश सांगायचं. त्यात अभिनय नको."

"बघा हं राजे," भोंगासाहेब म्हणाले. "मीही असंच म्हणून गेलो होतो."

"तुम्ही जाहिरात केल्यासारखं सांगितलं असेल."

"आणि तुम्ही काय, भूल देणार आहात?"

राजे गेले. ती पुन्हा कपाटाकडे वळली. निळा शर्ट काढला, पलंगावर ठेवला, परत आत टांगला. पांढरा काढला. भोंगासाहेब बाहेरच्या खोलीत मोठ्यानं पुटपुटत होते, "बाई, एक वाईट बातमी आहे... बाई, मन घट्ट करा..." मग पुन्हा, खालच्या पट्टीत. ते उगाच स्वतःला छळत होते की सराव करत होते, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

राजे परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"रडलो हो मी," ते म्हणाले. "खरोखर रडलो. मला वाटलं नव्हतं. पण बोलायला लागलो आणि दूत डोळ्यांपुढे उभा राहिला. इतकी वर्षं शेवटच्या अंकात तो माझ्या राणीला सांगायचा आणि मी विंगेत उभा राहून ऐकायचो."

"मग?"

"म्हणाल्या, रडणं उत्तम. पण दूतानं रडायचं नसतं. तो रडला तर राणीनं काय करायचं? आणि म्हणाल्या, बातमी भोंग्याची ढापलीस." ते खुर्चीत बसले, नाक पुसलं. थोड्या वेळानं, खाली बघत, हळूच म्हणाले, "पण एकंदरीत बरा आहेस म्हणाल्या."

"बरा?" भोंगासाहेब ताडकन म्हणाले. "तुम्हाला बरा म्हणाल्या?"

"म्हणजे, आता त्याचं काय..."

"नाही, चांगलंच आहे की. अभिनंदन."

मग दोघांनाही एकदम कशाची तरी आठवण झाली आणि दोघं खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या कुणाला पाठवावं याचा थोडा विचार झाला. समोरच्या मास्तरांना पाठवावं तर त्यांना आत्यानं मागेच नापास केलं होतं. औषधाच्या दुकानदाराला, पोस्टातल्या बाईंना, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांनाच कधी ना कधी. त्या भागात वाईट बातमी सांगू शकेल असा माणूस आत्यानं शिल्लकच ठेवला नव्हता.

"ताई," राजे म्हणाले, "आता तुम्हीच."

"मला अभिनय येत नाही."

"म्हणून तर."

ती निघाली. रस्ता पायाखालचा होता: टायरचं दुकान, काचा कापणाऱ्याचा कारखाना, मग संस्थेचं फाटक. चालता चालता तिनं मनात वाक्य जुळवलं आणि मोडलं. ती इतकी वर्षं वर्गात दूताची भाषणं शिकवत आली होती. चांगल्या दूताची बातमी कशी बांधलेली असते, आधी जागा, मग वेळ, मग माणूस, मरण सगळ्यात शेवटी, हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि आता तिला भीती एकाच गोष्टीची वाटत होती: की आपण ते नीट सांगू.

हॉल रिकामा होता. भिंतीला शहराचे दरवाजे टेकवून ठेवले होते, प्लायवूडचे, रंग अजून ओला असल्यासारखा वास येत होता. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर पेपर. शब्दकोड्यात काहीतरी भरत होती.

"ये गं ठकू. दार लोटून घे, पायांना वारा लागतो." मुलीला ती लहानपणापासून ठकूच म्हणायची, वर्गातल्या पोरांना हे कळलं असतं तर शिस्त राहिली नसती. "बस. आज काय माझ्या डोक्याला ताप झालाय म्हणून सांगू. आधी तो भोंगा आला. त्याच्यामागून राजा. दोघांनी तुझ्या बाबाला मारलं. एकानं ओरडून, एकानं रडून. काय त्या बिचाऱ्याचा जीव तरी! बरं, कसा आहे तो? जेवला का?"

"आत्या," ती म्हणाली, "बाबा पहाटे गेले."

इतकं सोपं होतं ते. आवाज कापला नाही, काही नाही. स्टेशनवर गाडी निघून गेल्याचं सांगावं तसं ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

आत्यानं पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. मुलीकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"तूसुद्धा?" ती म्हणाली. "अगं लबाडे! आणि मला म्हणत होतीस, मला स्टेजची भीती वाटते!"

"आत्या, मी परीक्षा द्यायला आले नाहीये."

"वा. हेही छान."

"आत्या, ऐक. खरंच."

"ऐकतेय ना. त्या दोघांसारखी खाकरत बसली नाहीस. मी विचारलं जेवला का, आणि त्याच श्वासात उत्तर दिलंस. दारात उभी राहून ओरडली नाहीस. डोळ्यांत पाणी नाही, हातवारे नाहीत." आत्या आनंदानं मान हलवत होती. "रक्तात आहे बघ. उगाच पुस्तकांत आयुष्य घालवलंस. बरं, खरं आहे का हे?"

"खरं आहे."

"पास," आत्या म्हणाली. "इतक्या वर्षांत असं कुणी सांगितलं नाही. तुझ्या बाबानंसुद्धा नाही. तो जरा लांबवायचा. त्याला सांग मी असं म्हणाले म्हणून. नको, नको सांगू, रुसून बसेल."

ती स्टुलाच्या कडेला टेकली. खिशातला फोन काढून दाखवावा, असं एकदा मनात आलं. भोंग्याच्या कागदाचं काय झालं ते आठवलं आणि हात तसाच राहिला. ओरडावं, तर भोंगा. रडावं, तर राजा. गप्प बसावं, तर उद्याचा पेपर. आत्या एवढी खुशीत तिनं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. क्षणभर तिला वाटलं, राहू दे. आजचा दिवस तरी राहू दे.

"आता शेवटचं," आत्या म्हणाली आणि खुर्चीत सरळ झाली. "हा प्रश्न मी पास झालेल्यालाच विचारते. नापासांना विचारून काय फायदा? दूत एवढा धावत आलाय. राणीला सांगून झालंय. अजून तो तिथंच उभा आहे. का? त्याला काय हवंय?"

याचं उत्तर तिला येत होतं. तिनं ते शेकडो मुलांना दिलं होतं. काही नको, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"शर्ट," ती म्हणाली.

"काय?"

"शर्ट हवाय. हॉस्पिटलवाल्यांनी संध्याकाळच्या आत कपडे मागितलेत आणि मला कळत नाहीये कुठला द्यायचा. सकाळपासून मी त्यांच्या कपाटापुढे उभी आहे, आत्या. पांढरा आहे, त्याच्या बाहीवर डाग आहे. कोट घातला तर दिसणार नाही, पण कोट घालायचा का? घालतात का? निळा चांगला आहे, इस्त्रीचा आहे, तो दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. चपला द्यायच्या का तेही विचारायचं राहिलं. तो माणूस मला कपडे म्हणाला आणि मी हो म्हटलं. तू सांग म्हणून आले मी. मला नाही ठरवता येत. कुठला देऊ?"

हे सगळं ती एका दमात बोलली आणि बोलून झाल्यावर तिला लाज वाटली. बातमीत शर्ट कुठून आला? एवढं मोठं मरण सांगायचं आणि बाहीवरच्या डागावर येऊन थांबायचं. तिच्या वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर तिनं समासात 'विषयांतर' असं लिहिलं असतं.

आत्या तिच्याकडे बघत होती. बघत होती ती अजून परीक्षकाच्याच नजरेनं, भुवई किंचित वर, मार्क द्यायच्या तयारीत. मग ती भुवई तिथेच राहिली आणि तिच्याखालचं सगळं हळूहळू सुटत गेलं. बाहेर काचेच्या कारखान्यात यंत्र सुरू झालं, काही वेळ चाललं, बंद पडलं.

"निळा नको," आत्या म्हणाली. "त्याची कॉलर टोचते त्याला. खाजवून खाजवून मान लाल करतो."

आणि 'करतो' म्हणून झाल्यावर ती थांबली.

नाटकात याच जागी राणी वळून आत जाते. आत्यानं ते जाणं आयुष्यभर केलं होतं. त्यासाठी परगावाहून माणसं येत. पण ती आता आतच बसली होती. तिच्याकडे एकच खोली होती आणि पुढे जायला दुसरी नव्हती. ती खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवून तशीच बसून राहिली.

"राखाडी आहे एक," ती मग म्हणाली. "धुऊन धुऊन मऊ झालेला. कोपरापाशी रफू आहे, मीच केलेलं. तो दे."

"बरं."

"कोट नको. उकडतं त्याला."

"बरं."

"चपला विचारून घे."

"हो."

आत्यानं मांडीवरचा पेपर उचलला, घडी घातली, ती नीट जमली नाही, पुन्हा घातली.

"म्हणजे भोंगा खरं सांगत होता?"

"हो."

"आणि राजा?"

"तोही."

आत्यानं पेपर बाजूला ठेवला.

"तरी वाईटच सांगितलं दोघांनी," ती म्हणाली. पण तिचा आवाज राणीचा नव्हता, परीक्षकाचाही नव्हता; तो एका म्हाताऱ्या बाईचा होता आणि खोलीत जेमतेम ऐकू येत होता. "रडत होता गं राजा. इथंच, तुझ्याच जागी. आणि मी त्याला बरा आहेस म्हटलं."

"त्यांना चाललं."

"चालणारच. नट आहे तो." मग म्हणाली, "भोंग्याला पाणीसुद्धा विचारलं नाही मी."

मुलीनं तिचे पाय एकेक करून स्टुलावरून खाली ठेवले. आत्या हॉस्पिटलात कधी जात नसे. तिथं कुणी धड वाक्य पुरं करत नाही, अशी तिची तक्रार होती. पण आता तिनं आपणहून शाल मागितली आणि काठी मागितली. आधी घरी जायचं, शर्ट घ्यायचा, मग त्याच्याकडे, असा क्रमही तिनंच ठरवला. मुलीनं फोनवर टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला म्हणाला, बाईंसाठी? पाच मिनिटांत आलो. त्यालाही कळलं होतं, पण त्यानं ते फोनवर दाखवलं नाही.

दोघी वाट बघत बसल्या. हॉलच्या बाजूनं कुणीतरी दबक्या पावलांनी आलं, दाराशी थांबलं, आणि आतून काहीच आवाज येत नाही म्हटल्यावर तसंच परत गेलं. पावलांवरून दोन माणसं असावीत.

"ठकू," आत्या म्हणाली.

"हं."

"पुन्हा सांग."

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून. मघाशी मी मार्क देत होते, ऐकत नव्हते." तिनं आपला हात पुढे केला आणि मुलीनं तो धरला. हात हलका होता, गार होता. "कोण होतं त्याच्याजवळ?"

"नर्स होती," मुलगी म्हणाली. "म्हणजे जवळ नाही. शेजारच्या खाटेपाशी होती. पहाटेची वेळ, खिडकी थोडी उघडी होती, आणि बाबा..."

इथपर्यंत ती नीट आली. पुढे तिला येता येईना. तिनं पुन्हा सुरुवात केली, खिडकीपासून, आणि पुन्हा तिथेच अडली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि सकाळपासून इतक्या जणांना पाठवलेलं ते एवढंसं वाक्य कुठे सुरू होतं तेच तिला सापडेना.

आत्यानं घाई केली नाही. पुढचा शब्द सुचवलाही नाही. तो तिला माहीत नव्हता. ती फक्त पुढे वाकून बसली, दोन्ही हातांत भाचीचा हात धरून, आणि बातमी यायची वाट बघत राहिली.